दुखत नाही, म्हणजे बरं आहे का?



शाळेत पालकसभा असली की बहुतेक आयाच येतात. मुलांचे वडील यंत्रमागाच्या पाळीवर, नाहीतर माणकोली-दापोड्याकडच्या एखाद्या गोदामात. सभा संपली की चार शब्द इकडचे-तिकडचे होतात. मी सहज विचारते, "तब्येत कशी आहे?" उत्तर ठरलेलं असतं, "मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी!" आणि त्याच बाई दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात आल्या तेव्हा दोन मिनिटं कठडा धरून उभ्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आपण बायकांनी "बरी आहे" हा शब्द फार स्वस्त करून टाकलाय. ताप नाही, अंथरूण धरलं नाही, डबे वेळेवर गेले, म्हणजे बरी! कंबर धरते? ती सगळ्यांचीच धरते. संध्याकाळी पाय ओढतात? वय झालं. जिना चढताना धाप लागते? जिनाच मेला उंच आहे! आज या 'बरं असण्या'चाच जरा नीट हिशेब मांडू या.

आरोग्य म्हणजे हाताशी असलेली शिल्लक

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. म्हणून तर ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. त्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा, की नुसता आजार किंवा अशक्तपणा नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि चार माणसांतलं आपलं जगणं हे तिन्ही सुस्थितीत असायला हवं. हे काही परक्यांनी शिकवलेलं नाही, बरं का. आपल्या सुश्रुताने निरोगी माणसाची लक्षणं सांगताना पचन आणि शरीरातल्या धातूंबरोबर मनाची प्रसन्नताही सांगून ठेवली आहे.

आता 'फिटनेस' हा शब्द. तो ऐकला की डोळ्यांपुढे पिळदार दंडांची माणसं येतात आणि आपण पान उलटतो. पण त्याचा साधा अर्थ गृहिणीइतका कुणालाच चटकन कळणार नाही. महिन्याचा खर्च भागून डाळीच्या डब्यात चार नोटा उरल्या, तर त्या घराला आपण सुस्थितीतलं म्हणतो. तसंच दिवसाचं काम उरकून अंगात थोडी ताकद उरली, तर ते शरीर तंदुरुस्त. नोटा रोज लागत नाहीत. पण पाहुणा आला, पोर आजारी पडलं, की त्याच उपयोगी पडतात. अंगातली शिल्लकही अशीच. बाळंतपण, शस्त्रक्रिया, लांबलेला ताप, घरातलं म्हातारं माणूस पडलं तर त्याला उचलून बसवणं, या वेळी ती खर्ची पडते. ती मुळातच नसेल तर उसनी कुठून आणणार?

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईची गोष्ट सांगते. घरी कांड्या भरण्याचं काम, शिवाय सहा माणसांचा स्वयंपाक. वर्षभर त्या म्हणत होत्या, "काम जास्त आहे ना, म्हणून दमते." एके दिवशी पाण्याचा हंडा उतरवताना चक्कर येऊन पडल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन अवघं ७. बाईमाणसाला ते निदान १२ हवं, गरोदर असेल तर ११. त्यांची शिल्लक कधीच संपली होती. वर्षभर त्या मुद्दल मोडून खात होत्या. आणि घरात सगळे म्हणत होते, "आमची ही कधी आजारी म्हणून पडत नाही!"

ही एका घरची गोष्ट समजू नका. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे तो वाढला. पालकसभेला वीस आया बसल्या तर सरासरीने त्यातल्या दहा-अकरा जणी अशा.

घरकाम हाच आमचा व्यायाम!

हे वाक्य प्रत्येकीने एकदा तरी म्हटलेलं असतं. त्यात खोटं काही नाही, पण ते पुरतं खरंही नाही. केर काढणं, फरशी पुसणं, बाजारातून पिशव्या आणणं ही सगळी हालचालच आहे आणि तिचा फायदा होतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन केलं त्यातही घरकामाची हालचाल जमेस धरलेली आहे. मग कमी काय पडतं?

एक तर आपलं काम तुटक असतं. पाच मिनिटं केर, मग दार वाजलं, मग दूध उतू चाललं. हृदयाला सलग काम मिळून त्याची ताकद वाढावी असं सहसा घडत नाही. दुसरं म्हणजे तेच स्नायू तशाच रीतीने वापरले जातात. ओट्यापाशी उभं राहून पोटऱ्या भरून येतात, पोळ्या लाटून मनगट दुखतं, कांड्या भरणारीची मान एकाच कोनात झुकलेली. पावसाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या गावांमधून भातलावणीला वाकलेल्या बायका पाहा. दिवसभर कष्ट, पण कंबर सतत वाकलेली, तिला ताठ करणारी हालचाल नाहीच. आणि तिसरं, या कामाला विश्रांतीचं माप नाही.

"आमच्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या, त्यांना कुठे होता व्यायाम?" हेही ऐकते मी. अहो, त्यातल्या किती जणी बाळंतपणात गेल्या, किती जणींची पाठ पन्नाशीतच कमान झाली, ते आपण मोजत नाही. शंभरी गाठलेली एक आजी तेवढी लक्षात राहते.

व्यायामाचे नियम वेगळे. थोडं जास्त करायचं, मग विश्रांती द्यायची, मग आणखी थोडं जास्त. स्नायूंवर ताण पडला की ते विश्रांतीच्या काळात भरून येतात आणि आधीपेक्षा घट्ट होतात. विरजण लावल्यावर आपण पातेलं सारखं ढवळतो का? तसंच हे. आणि व्यायाम सोडला की काही आठवड्यांत कमाई ओसरायला लागते, म्हणून नियमितपणा हवा. पी हळद नि हो गोरी, असं इथे होत नाही.

पाच पैलू आणि आपली मंगळागौर

तंदुरुस्तीचे पाच भाग मानतात. पहिला दम, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं किती वेळ साथ देतात. दुसरा ताकद, एका वेळी किती वजन उचलता येतं. तिसरा चिकाटी, तेच काम स्नायू किती वेळ करू शकतात. चौथा लवचिकपणा, सांधे किती मोकळे फिरतात. पाचवा शरीराची ठेवण, चरबी किती आणि स्नायू-हाडं किती.

आता मंगळागौरीची रात्र आठवा. फुगडीला दम लागतो. बसफुगडीला मांड्यांत ताकद हवी. झिम्म्याला चिकाटी, पिंग्याला लवचिकपणा आणि तोल. नऊवारी नेसून, पदर खोचून रात्रभर बायका हे खेळायच्या. फक्त हे खेळ वर्षातून चार-दोन रात्रींपुरते न ठेवता रोजच्या दहा मिनिटांत आणले पाहिजेत.

हाडांचंही इथेच सांगून टाकते. साधारण तिशीपर्यंत हाडांत भरणा होत राहतो. पुढे तो थांबतो, आणि पाळी बंद झाल्यावर काही वर्षं हाडं भराभर झिजतात. हाडांवर भार पडला तर ती टिकतात. चालणं, जिना चढणं, वजन उचलणं हा तो भार. म्हणून ताकदीचा व्यायाम पुरुषांसाठी आणि आपल्यासाठी नुसतं चालणं, अशी वाटणी करू नका.

घरच्या घरी परीक्षा

मास्तरीणच मी, परीक्षा घेतल्याशिवाय कशी सोडीन? चार सोप्या चाचण्या करून पाहा. मात्र छातीत दुखणं, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, चक्कर किंवा गुडघ्या-पाठीचं मोठं दुखणं असेल, अगर दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली: नेहमीच्या चालीने दोन जिने चढा. वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर दम कमी आहे, नाहीतर रक्त कमी आहे.

दुसरी: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या आणि हात न टेकता उठा-बसा. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं? साठी नुकतीच ओलांडलेल्या बाईकडूनही निदान १२ वेळांची अपेक्षा असते. आपण तिशी-चाळिशीतल्या, तेव्हा समजा काय ते!

तिसरी: भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभ्या राहा. तोल हा पुढच्या आयुष्यात पडण्यापासून वाचवतो.

चौथी: शिवणाची टेप घ्या. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा. त्यापुढे गेलं की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. वजनकाट्यापेक्षा ही टेप पुष्कळ काही सांगते, कारण पोटावरची चरबी सर्वांत त्रासदायक. अंगाने किडकिडीत, पण पोट सुटलेलं, अशा बाईलाही हा धोका असतो.

किती, कसा आणि कुठे?

मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस ताकदीचा, असं आजचं शास्त्र सांगतं. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सलग अर्धा तास कुठून आणायचा? नका आणू. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतं. मध्यम श्रम कसे ओळखायचे? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गंमत पाहा, सुश्रुत आणि वाग्भट यांनीही व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच करावा असं सांगितलं आहे. कपाळाला घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली की थांबावं. पहिल्याच दिवशी सगळं बळ खर्चून दुसऱ्या दिवशी झोपून राहणाऱ्यांसाठीच तो सल्ला असावा!

भिवंडीत चालायचं कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. अंजूर फाट्याकडे कंटेनरची रांग, कल्याण नाक्यावर धूळ आणि खड्डे. ज्यांना जवळ पडतं त्यांनी सकाळी वऱ्हाळा तलावाच्या बाजूला जावं. दोघी-तिघी मिळून गेलं की सोबत होते आणि नागाही होत नाही. ते जमत नसेल तर गच्ची आहे, जिना आहे, गल्लीचं एक टोक ते दुसरं टोक आहे. धुरळ्याच्या रस्त्यावर भर रहदारीत झपाझप चालू नका. जोरजोरात श्वास घेताना तीच धूळ छातीत जाते.

एका सतरंजीएवढ्या जागेतला व्यायाम हवा असेल तर सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा हिरिरीने प्रसार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि १९३८ साली लंडनहून त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. स्वतः राजेसाहेब वर्षानुवर्षं नमस्कार घालत. १८६८ ते १९५१ असं ८२ वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं. आपण दोन नमस्कारांपासून सुरुवात करावी आणि आठवड्याला एक-दोन वाढवावेत. रक्तदाब किंवा पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय करू नयेत.

ताकदीसाठी आठवड्यातले दोन दिवस ठरवा, समजा मंगळवार आणि शुक्रवार. खुर्चीवरून उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, आणि पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली हातात घेऊन कोपरातून वर-खाली. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा. बारा वेळा सहज व्हायला लागलं की वजन थोडं वाढवा. मध्ये एक-दोन दिवस विश्रांती. एवढ्याला वीस मिनिटं पुरतात, आणि खर्च शून्य.

करताना छातीत दाब वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब थांबा आणि डॉक्टरांकडे जा. "होईल बरं" म्हणत बसू नका.

ताटात काय उरतं?

सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात जे उरतं, ते आपलं जेवण. वरणाचं पाणी आपल्याला आणि डाळ इतरांना. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून मिळतात सुमारे सात, एका अंड्यातून सहा. तेव्हा दोन्ही वेळा डाळ, एक वाटी उसळ, थोडं दही-दूध, खात असाल तर अंडं-मासळी, अशी बेरीज केल्याशिवाय स्नायू भरणार कशाने? वाढतानाच आपली वाटी बाजूला काढून ठेवा. त्यात स्वार्थ नाही.

लोहासाठी पालेभाज्या, अळीव, खजूर, कडधान्यं. सोबत लिंबू पिळा, आवळा खा, म्हणजे ते अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा नको, एक तास तरी मध्ये जाऊ द्या. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. मात्र हिमोग्लोबिन फार कमी असेल तर नुसत्या पालेभाजीने भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे असतं. मीठ दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. लोणचं-पापडही त्यातच मोजायचे.

झोपेचंही तसंच. पाळीहून येणाऱ्याची वाट पाहत रात्री जागायचं आणि पहाटे डब्यासाठी उठायचं, यात मोठ्या माणसाला लागणारी निदान सात तासांची झोप तुटते. दुपारची डुलकी हा आळस समजू नका. आणि मन दोन आठवडे सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तेही आजारपणच समजा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्या मुली?

माझं खरं दुखणं इथे आहे. खेळाच्या तासाला आठवी-नववीच्या मुली भिंतीला टेकून बसतात. काहींच्या चिठ्ठ्या येतात, "हिला खेळायला लावू नये." मुलगे घामाघूम होऊन येतात आणि मुली वही घेऊन बसतात. पाटीची पेन्सिल नाहीतर खडू खाणाऱ्या मुली मी पाहते. ती वाईट खोड म्हणून रागावू नका, रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी देतात, ती "मळमळतं" म्हणून घरी फेकली जाते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही चुकवू नका. जंत रक्त पितात आणि आपण मुलीला आळशी म्हणतो.

पाळी सुरू झाली म्हणून खेळ बंद, हाही नियम आता सोडा. मुलीला बरं वाटत असेल तर खेळू द्या. याच वयात हाडांचा भरणा होतो, दम वाढतो. आज जी मुलगी "दमले" म्हणून बसून राहते, ती उद्या दोन बाळंतपणं कशाच्या जोरावर काढणार? ती आपल्याकडूनच शिकते, की बाईने दमायचंच असतं आणि दमल्याचं सांगायचं नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ

महापालिकेचं आरोग्य केंद्र असो किंवा इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, एक सकाळ स्वतःसाठी काढा. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या, तिशीपुढच्या असाल तर साखरही. २०२२ च्या नवरात्रात राज्य सरकारने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढून अठरा वर्षांवरच्या बायकांच्या तपासण्या केल्या होत्या. नाव अगदी योग्य होतं. पण त्यासाठी नवरात्राची वाट कशाला पाहायची? रक्तदाब १४० वर ९० किंवा त्यापुढे निघाला तर पुन्हा तपासून घ्या आणि सल्ला घ्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा, गॅसचा हिशेब लिहितो ना? त्याच्याच शेजारी चार आकडे लिहा: हिमोग्लोबिन, रक्तदाब, कमरेचं माप आणि अर्ध्या मिनिटातल्या उठाबशा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि खाली दुसरी ओळ लिहा. घरात मुलगी असेल तर तिच्यासाठी निराळा रकाना आखा, आणि तो तिचा तिलाच भरू द्या.